पावाची धारण आणि क्रांतीतील पक्ष

वर्षानुवर्षे तीच टिपणे घेऊन वर्गात जाणाऱ्या माझ्यासारख्या प्राध्यापकाला कधीकधी असा एखादा प्रश्न ऐकावा लागतो, की सारी टिपणे एकदम अपुरी वाटू लागतात. निवृत्तीपूर्वीच्या माझ्या शेवटच्या वर्षी बी. ए. च्या वर्गात फ्रेंच राज्यक्रांतीवरचे अखेरचे व्याख्यान चालू होते. बॅस्टिलचे पतन, राजाचा शिरच्छेद, जिरोंदिस्ट, जॅकोबिन, रोबस्पियर अशी एकेक स्थानके मागे टाकीत आमची गाडी नेपोलियनपर्यंत येऊन पोहोचली होती. तास संपता संपता मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्या बायका पाव मागायला व्हर्सायला गेल्या होत्या ना? मग शेवटी त्यांना पाव मिळाला का?"

वर्गात हशा पिकला. तेवढ्यात घंटाही झाली. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. मी शिकवलेल्या क्रांतीत पाव पहिल्या प्रकरणात येत होता आणि राजवाडा हाती आला की नाहीसा होत होता. पुढे सारी पक्षांची आणि पुढाऱ्यांची कथा. वस्तुतः १७८९ ते १७९५ या सहा वर्षांत पॅरिसच्या गल्लीबोळांतून पावाचा प्रश्न एक दिवसही हटला नव्हता, आणि कोणता पक्ष टिकणार व कोणता बुडणार हे पुष्कळ अंशी त्यानेच ठरविले. त्या विद्यार्थिनीला द्यावयाचे राहिलेले उत्तर येथे देण्याचा प्रयत्न करतो.

पाव म्हणजे त्यांची भाकरी

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आपल्याकडे पाव हा चहाबरोबर खाण्याचा पदार्थ. तेव्हाच्या पॅरिसमधील मजुराला तो आपल्या भाकरीच्या जागी होता; किंबहुना भाकरीबरोबर आपल्याला जी आमटी-भाजी मिळते तीही त्याला पुष्कळदा मिळत नसे. चार पौंडांचा पाव हे तिथले माप. एरवी त्याची किंमत आठ-नऊ सू असे. बांधकामावरील साध्या मजुराची रोजी होती वीस ते तीस सू. म्हणजे बऱ्या दिवसांतही कमाईचा मोठा भाग एकट्या पावातच जाई.

१७८८ च्या जुलै महिन्यात गारपीट झाली, पीक बुडाले आणि पाठोपाठ अतिशय कडक हिवाळा आला. १७८९ च्या फेब्रुवारीत त्याच पावाला साडेचौदा सू पडू लागले. ज्या जुलैमध्ये बॅस्टिल पडले, त्याच सुमारास धान्याची धारण शिगेला पोहोचली होती. 'धारण' हा आपला जुना शब्द मी मुद्दाम वापरतो. धान्याच्या बाजारभावाला आपली वडीलधारी माणसे धारणच म्हणत, आणि याच अंकाच्या कन्नड विभागातील आमचे स्नेही आजही 'धारणे' म्हणतात. दोन्ही भाषांनी जपून ठेवावा इतका हा शब्द माणसाच्या पोटाशी निगडित आहे.

"पाव नसेल तर केक खा" हे राणीच्या तोंडचे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. राणी मारी आंत्वानेत असे म्हणाल्याचा कोणताही पुरावा नाही. तशाच अर्थाची एक गोष्ट रूसोने आपल्या आत्मचरित्रात एका अनाम राजकन्येविषयी लिहिली, तेव्हा मारी आंत्वानेत अजून लहान होती. हे वाक्य आपल्या लक्षात राहते आणि साडेचौदा सू मात्र राहत नाहीत, याची इतिहासाचा विद्यार्थी म्हणून खंत वाटते.

दोन न्याय

या प्रश्नावर फ्रान्समध्ये क्रांतीपूर्वीपासूनच दोन विचार एकमेकांसमोर उभे होते. पहिला नव्या अर्थशास्त्रज्ञांचा. धान्याचा व्यापार मोकळा सोडा, भाव वाढला तर शेतकरी अधिक पिकवील, व्यापारी जेथे टंचाई तेथे माल नेईल आणि अखेरीस सर्वांचे भले होईल, असा तो युक्तिवाद. दुसरा विचार ग्रंथांत नव्हता. तो बाजारात जमणाऱ्या माणसांच्या मनात होता. धान्य ही इतर वस्तूंसारखी वस्तू नव्हे. गरिबाला परवडेल असा तिचा एक रास्त भाव असतो, आणि तो राखणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे. त्याने ते केले नाही तर लोकांनी करावे.

हे लोक गोदाम फोडून धान्य लुटून नेत असत, अशी आपली समजूत असते. लूट होतच नसे असे नाही. परंतु पुष्कळ ठिकाणी जमाव धान्य ताब्यात घेई, स्वतः ठरविलेल्या रास्त भावाने ते विके आणि आलेले पैसे मालकाच्या हवाली करी. याला भाव बांधून देणे म्हणता येईल. इंग्लंडमधील अशाच दंगलींचा अभ्यास करून ई. पी. टॉम्पसन या इतिहासकाराने १९७१ मध्ये जी 'नैतिक अर्थव्यवस्था' म्हणून मांडली, ती हीच वृत्ती.

१७७४ मध्ये तूर्गो या मंत्र्याने धान्याचा व्यापार मोकळा केला. त्या वर्षी पीक कमी आले आणि १७७५ च्या वसंत ऋतूत पॅरिसच्या आसपास शेकडो ठिकाणी दंगली उसळल्या. 'पिठाचे युद्ध' या नावाने त्या ओळखल्या जातात. सैन्य आणून त्या मोडण्यात आल्या, दोघांना भर चौकात फाशी दिले गेले, आणि पुढल्या वर्षी तूर्गोचेही मंत्रिपद गेले.

क्रांती झाली तेव्हा लोकांना वाटले की आता राज्य आपले, म्हणजे रास्त भावही आपला. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी बायका व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजा, राणी व राजपुत्र यांना पॅरिसला घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी त्या तिघांना भटारी, भटारीण आणि भटाऱ्याचा पोर अशी नावे ठेवली होती. ती नुसती थट्टा नव्हती. राजा आपल्यात राहिला की पाव मिळेल, असा त्यामागे हिशेब होता. परंतु राष्ट्रीय सभेने ऑगस्टमध्येच धान्याचा व्यापार मोकळा केलेला होता. म्हणजे राजा बदलला, सभा आली, आणि धोरण मात्र तूर्गोचेच राहिले.

एताँपचा नगराध्यक्ष

या दोन न्यायांची टक्कर कशी होई याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. ३ मार्च १७९२ रोजी पॅरिसच्या दक्षिणेकडील एताँप या बाजारगावी आसपासच्या खेड्यांतील लोक जमले आणि धान्याचा भाव बांधून द्या अशी मागणी करू लागले. नगराध्यक्ष सिमोनो यांनी कायद्यावर बोट ठेवून नकार दिला. जमावाने त्यांना ठार केले. जून महिन्यात राज्यकर्त्यांनी सिमोनो यांच्या सन्मानार्थ पॅरिसमध्ये मोठा समारंभ केला. कायद्यासाठी प्राण देणारा हुतात्मा म्हणून त्यांचा गौरव झाला. परंतु त्याच भागातील दोलिविए नावाच्या एका खेडेगावच्या पाद्र्याने त्या जमावाची बाजू मांडणारा अर्ज सभेपुढे ठेवला. सिमोनो यांचा खून समर्थनीय होता असे मी म्हणत नाही. मात्र एका बाजूला कायदा आणि दुसऱ्या बाजूला उपाशी पोट अशी वेळ आली असता क्रांतीने कायद्याचा उत्सव केला, हे गोरगरिबांनी मनात ठेवले.

पक्ष काय म्हणत होते

सप्टेंबर १७९२ मध्ये प्रजासत्ताक झाले आणि 'कन्व्हेन्शन' ही नवी सभा बसली. परीक्षेसाठी आपण तिचे दोन तट पाठ करतो. एक जिरोंदिस्टांचा, दुसरा 'माउंटन', म्हणजे सभागृहात उंच बाकांवर बसणाऱ्यांचा, ज्यात रोबस्पियर, दांतो, मारा ही मंडळी होती. सभागृहाबाहेर तिसरी शक्ती होती ती सां-क्युलोतांची. गुडघ्यापर्यंतची तलम विजार न घालता कामकऱ्याची लांब विजार घालणारे, असा त्या नावाचा अर्थ. छोटे कारागीर, दुकानदार, मजूर आणि त्यांच्या बायका हे ते लोक. त्यांच्यातही अतिजहाल बोलणाऱ्या मूठभर माणसांना विरोधकांनी 'एन्राजे', म्हणजे पिसाळलेले, असे नाव ठेवले. झाक रू हा पाद्री आणि झाँ वार्ले हा तरुण हे त्यांतील प्रमुख.

भावाच्या प्रश्नावर मात्र सभागृहातील दोन्ही तट सुरुवातीला फारसे दूर नव्हते. जिरोंदिस्टांचे गृहमंत्री रोलाँ यांचे मत असे, की अन्नधान्याच्या बाबतीत सभेने काहीच करू नये हेच उत्तम. माउंटनचा तरुण वक्ता सें-झ्यूस्त यालाही निर्बंध पसंत नव्हते. महागाईचे मूळ बेसुमार छापलेल्या कागदी चलनात, म्हणजे 'असिन्या'त आहे, असे त्याने नोव्हेंबरात सांगितले. त्याचे निदान बरोबर होते. १७९३ च्या आरंभी शंभराच्या असिन्याला सुमारे पन्नासच मिळत होते. ज्या शेतकऱ्याकडे धान्य शिल्लक होते तो अशा कागदासाठी ते बाजारात का आणील? रोबस्पियरने २ डिसेंबरला निराळा सूर लावला. जगण्यास आवश्यक ते सर्व समाजाच्या मालकीचे, आणि उरेल तेवढ्याचाच व्यापार व्हावा, असे त्याचे म्हणणे होते. भाषण गाजले. पण सहाच दिवसांनी सभेने व्यापारस्वातंत्र्याचा कायदा पुन्हा पक्का केला.

साबणाची दंगल

फेब्रुवारी १७९३ मध्ये काय घडले ते पाहिले म्हणजे या पक्षांची खरी परीक्षा होते. पॅरिसच्या नगरपालिकेने तिजोरीतून पैसा ओतून पावाचा भाव बारा सूवर रोखून धरला होता. बाकीच्या वस्तूंना मात्र कोणी वाली नव्हता. सँ-दोमिंग या वसाहतीतील गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केल्यापासून साखर व कॉफी महागली होती, आणि युद्धाने त्यात भर घातली होती. १७९० मध्ये बारा सूला मिळणारा साबण आता तेवीस ते अठ्ठावीस सूंना पडत होता. पॅरिसमध्ये हजारो बायका कपडे धुऊन पोट भरीत. त्यांच्या दृष्टीने साबण ही चैन नव्हे, ते धंद्याचे भांडवल होते.

२४ फेब्रुवारीला धोबिणींनी सभेपुढे गाऱ्हाणे मांडले. त्यांना दोन दिवसांनी या असे सांगण्यात आले. दुसऱ्याच दिवशी शहरभर बायका व पुरुष किराणा दुकानांत शिरले आणि त्यांनी साबण, साखर, मेणबत्त्या जवळजवळ १७९० च्याच भावाने वाटून घेतल्या. अनेकांनी पैसे मोजले. काहींनी मोजले नाहीत.

यावर पक्षांची प्रतिक्रिया काय झाली? जिरोंदिस्ट संतापले हे समजण्यासारखे आहे. पण रोबस्पियरही म्हणाला, की लोकांनी उठावे ते दुष्टांना चिरडण्यासाठी, किराण्याच्या क्षुल्लक मालासाठी नव्हे. माराने त्याच दिवशी आपल्या पत्रात साठेबाजांना दुकानाच्या दारात लटकवावे असे लिहिले होते. दंगल झाल्यावर तिच्यामागे क्रांतीच्या शत्रूंचा हात असल्याचे माउंटनमधून सांगण्यात येऊ लागले. एकटा झाक रू उघडपणे म्हणाला, की किराणावाल्यांनी आजवर जास्त घेतलेले पैसेच परत केले आहेत.

साबण क्षुल्लक आहे असे म्हणणाऱ्याने स्वतःचे कपडे कधी धुतले नसावेत, असे हा प्रसंग शिकवताना माझ्या मनात येते.

सौदा आणि त्याची किंमत

पुढील काही महिन्यांत माउंटनने आपली भूमिका बदलली. युद्धात पराभव होत होते, मार्चमध्ये वाँदे प्रांतात बंड पेटले होते आणि जिरोंदिस्टांना हटवावयाचे तर रस्त्यावरच्या माणसांची मदत हवी होती. ४ मे १७९३ रोजी धान्याच्या कमाल भावाचा पहिला कायदा झाला. महिनाभरातच, २ जूनला, सशस्त्र सां-क्युलोतांनी सभेला वेढा घातला आणि जिरोंदिस्ट पुढाऱ्यांना अटक झाली. भावाचा कायदा आणि सत्तेचा पालट यांतील देवघेव उघड दिसते.

परंतु कायद्यात एक मोठी खोट होती. प्रत्येक जिल्ह्याचा कमाल भाव निराळा होता. साहजिकच धान्य कमी भावाच्या जिल्ह्यातून जास्त भावाच्या जिल्ह्यात पळू लागले आणि कमी भावाचे बाजार ओस पडले. २५ जूनला झाक रू सभेपुढे उभा राहिला. नवी राज्यघटना आदल्या दिवशीच संमत झाली होती. तिच्यात साठेबाजीविरुद्ध एक अक्षर नाही, आणि एक वर्ग दुसऱ्याला उपाशी ठेवू शकत असेल तर स्वातंत्र्य पोकळ आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. सभागृहात गोंधळ उडाला. त्याला हाकलण्यात आले आणि पुढे रोबस्पियर व मारा दोघांनीही त्याच्यावर तोंड सोडले.

यानंतरचा घटनाक्रम नीट पाहा. २६ जुलैला साठेबाजीसाठी मृत्युदंडाचा कायदा झाला. ५ सप्टेंबरला जमावाने पुन्हा सभा गाठली. २९ सप्टेंबरला 'सर्वसाधारण कमाल दरा'चा प्रसिद्ध कायदा झाला. म्हणजे रूने जे मागितले होते त्यातील पुष्कळसे सभेने दिले; आणि खुद्द रूला ५ सप्टेंबरलाच तुरुंगात टाकले. फेब्रुवारी १७९४ मध्ये तुरुंगातच त्याने स्वतःला भोसकून घेऊन प्राण सोडला. भावाच्या प्रश्नावर आवाज उठविणारी क्रांतिकारी स्त्रियांची संस्थाही ऑक्टोबर १७९३ अखेर बंद करण्यात आली. मागणी घ्यावी आणि मागणाऱ्याला गप्प करावे, ही रीत राजकारणात नवी नव्हती आणि जुनीही झालेली नाही.

कमाल दराचा कायदा

या कायद्याने गरजेच्या एकोणचाळीस वस्तूंचे भाव १७९० च्या भावावर एक तृतीयांश वाढ देऊन बांधले. त्याचबरोबर मजुरीही बांधली. ती १७९० च्या मजुरीवर निम्मी वाढ देऊन. कागदावर हिशेब मजुराच्या बाजूने आहे. त्याचा परिणामही झाला. पॅरिसला पाव मिळत राहिला, सैन्याला रसद मिळाली आणि ऑगस्टमध्ये शंभराला बावीसपर्यंत घसरलेला असिन्या वर्षअखेर पन्नासच्या जवळपास आला. निर्बंध नेहमी निष्फळच ठरतात असे म्हणणाऱ्यांनी हा हिवाळा पाहावा.

पण प्रश्न सुटला नव्हता. शेतकऱ्याला बांधलेल्या भावाने धान्य द्यावे लागे, आणि नांगराचे लोखंड मात्र चोरबाजारातून घ्यावे लागे. तो माल दडवू लागला. मग त्याच्यावर शस्त्रधारी तुकड्या धाडण्यात आल्या. पॅरिसमधील मजूर भावाच्या कायद्याचा पुरस्कर्ता होता, पण सैन्यभरतीमुळे माणसे कमी पडत असल्याने त्याला कायद्यापेक्षा जास्त मजुरी मिळत होती. हेबेरच्या गटाच्या हाती नगरपालिका होती तोवर तिकडे कानाडोळा झाला. मार्च १७९४ मध्ये हेबेर आणि एप्रिलमध्ये दांतो गिलोटिनखाली गेले. आता उरलेल्या मंडळींनी व्यापाऱ्यांना चुचकारले आणि मजुरांचे संप मोडले. २३ जुलैला नगरपालिकेने मजुरीचे नवे दरपत्रक जाहीर केले. त्यामुळे कित्येकांची प्रत्यक्ष मिळकत निम्म्यावर येणार होती. चार दिवसांनी, ९ थर्मिडॉरला, रोबस्पियरवर संकट कोसळले तेव्हा त्याला वाचविण्यासाठी सां-क्युलोत धावून आले नाहीत. ज्यांनी त्याला वर चढविले त्यांचीच रोजी त्याच्या राज्यात कापली जात होती, हे एक कारण पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

मग पाव मिळाला का?

थर्मिडॉरनंतरच्या राज्यकर्त्यांनी २४ डिसेंबर १७९४ रोजी कमाल दराचा कायदा रद्द केला. दुर्दैवाने तो हिवाळाही फार कडक होता. असिन्या कोसळला, भाव भडकले आणि पॅरिसमधील पावाचा शिधा घटत घटत १७९५ च्या मे महिन्यात काही दिवस माणशी दोन औंसांवर आला. १ एप्रिलला आणि पुन्हा २० मे रोजी उपाशी जमाव सभागृहात घुसला. पाव आणि १७९३ ची राज्यघटना, एवढीच त्यांची मागणी होती. दुसऱ्या वेळी फेरो या सभासदाचा खून झाला. मग सैन्य आले, पूर्वेकडील कामगार वस्तीची शस्त्रे काढून घेण्यात आली, आणि जमावाची बाजू घेणाऱ्या सहा सभासदांना मृत्युदंड झाला. पॅरिसची गरीब जनता यानंतर पस्तीस वर्षे, म्हणजे १८३० पर्यंत, क्रांतीसाठी उठली नाही.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला उत्तर असे: होय, मिळाला, पण थोडाच काळ, आणि तोही तो मागणाऱ्यांची सत्ताधाऱ्यांना गरज होती तोवर. जिरोंदिस्टांना व्यापारी दिसला, सां-क्युलोतांना गिऱ्हाईक दिसले, जॅकोबिनांना सैन्य दिसले. पिकविणारा शेतकरी आणि मजुरीवर जगणारा माणूस एकाच हिशेबात घेऊन दोघांनाही पुरेल अशी धारण कोणीच बसविली नाही. कांदा स्वस्त झाला म्हणजे तो रस्त्यावर ओतणारा शेतकरी आणि महाग झाला म्हणजे ओरडणारे शहर, ही दोन्ही दृश्ये पाहिलेल्या आपल्या भागातील वाचकाला हे अधिक फोड करून सांगावयास नको.

जाता जाता एक आठवण. १९७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. आईबरोबर रेशनच्या रांगेत उभा राहून आम्ही लाल मिलो आणीत असू. एके दिवशी दुकानदाराने "माल आलेला नाही" म्हणून फळी ओढली. आत पोती दिसत होती. रांगेतील एक म्हातारी फळीपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आम्ही फुकट मागत नाही बाबा. सरकारच्या भावानं मोज, पैसे घे." बाकीच्या बायका तिच्यामागे गेल्या. कोणी दगड उचलला नाही, कोणी पोत्याला हात लावला नाही. अर्ध्या तासाने दुकानदार माप घेऊन बसला.

पुढे कॉलेजात आणि नंतर अध्यापनात मी साबणाची ती दंगल किती वेळा वाचली असेन! परंतु ती म्हातारी आणि पॅरिसच्या त्या धोबिणी एकच गोष्ट बोलत होत्या, हे माझ्या ध्यानात यावयास एका विद्यार्थिनीचा प्रश्न लागला. ती आता पदवी घेऊन बाहेर पडली आहे. हा अंक तिच्या हाती पडला तर उत्तराला झालेल्या उशिराबद्दल तिने मला क्षमा करावी.